सुबोधचा परिसंवाद

वाद घातल्याशिवाय सुबोधला अन्न पचत नसे. दोन बाजूंची माणसं समोरासमोर बसवली की प्रश्न सुटतात, ही त्याने पुण्याहून सोबत आणलेली श्रद्धा. म्हणून २००९च्या एप्रिलमध्ये त्याने श्रीलंकेतल्या युद्धाची मुळं शोधणारा एक युद्धविरोधी माहितीपट मिळवला आणि रविवारी दुपारी सिंगापुरातल्या आपल्या सेंगकांगच्या फ्लॅटवर दोघांना बोलावलं. एक ऑफिसातला निमल, कोलंबोचा सिंहली. दुसऱ्या शेजारच्या राजेश्वरी आंटी, जाफन्याच्या तमिळ.

ही नसती उठाठेव नको, असं सुलेखाने नवऱ्याला परोपरीने सांगून पाहिलं. तिची बँकेतली नोकरी आंटींच्या जिवावर चालली होती. सहा वर्षांची जाई शाळेतून थेट त्यांच्याकडे जेवायला जायची, तिथेच झोपायची. परक्या गावात सुलेखाला तेवढंच एक माहेर होतं. तेच तुटलं तर?

माहितीपटात १९५६चा, सिंहलीलाच राजभाषा करणारा कायदा येईपर्यंत दोघेही पाहुणे शांत होते. मग १९८३च्या दंगलीतली तमिळांची जळती दुकानं दिसली. निमल खाली बघू लागला. आंटींनी हातातली पोह्यांची बशी अगदी हळू खाली ठेवली.

संपल्यावर सुबोधने घड्याळ काढलं. प्रत्येकी पाच मिनिटं, आधी आंटींनी तमिळांची बाजू मांडावी, म्हणाला. याला कुणीतरी आवरा, असं सुलेखाला झालं.

"माझी बाजू म्हणजे माझा भाऊ," आंटी म्हणाल्या. "तिथे लढाई चाललीय, त्यात अडकलाय. तीन आठवडे फोन नाही."

मग निमलने खालमानेनेच सांगितलं, की त्याचा धाकटा भाऊही तिथेच आहे, सैन्यात. त्याचाही फोन नाही.

आंटी उठल्या आणि निरोप न घेता घरी गेल्या.

सोमवारी सुलेखाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जाईला घेऊन ती त्यांच्या दाराशी उभी राहिली. बेल वाजवली, दार उघडेना. सुबोधच्या शहाणपणाचा तिला असा संताप आला होता! दुसऱ्या बेलला आंटी आल्या. जाईला त्यांनी आत नेऊन पानावर बसवलं आणि परत दाराशी आल्या.

"शुक्रवारी देवळात भावाच्या नावाने अर्चना करणार आहे. त्या मुलाच्या भावाचंही नाव आणि नक्षत्र विचारून ठेव."

सुलेखाचे डोळे भरून आले. तिला काही बोलायचं होतं.

"पण त्याला पुन्हा माझ्यासमोर आणू नकोस," आंटी म्हणाल्या आणि जाईला वाढायला आत गेल्या.