दहा मिनिटांनी बंद पडणारी करवत

वस्तीत सगळे त्यांना फांदीवाले म्हणत. छपरावर आलेली, तारेला टेकलेली, शेजाऱ्याच्या भिंतीवर कललेली फांदी कुणाला नकोशी झाली की यांना बोलावणं यायचं. तीस वर्षं हेच काम. पहिली पंधरा हातकरवतीवर, पुढची पंधरा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीवर. ती इतकी झिजली की तिचे सुटे भागही मिळेनात, तेव्हा त्यांनी दुकान बंद करत असलेल्या एका सुताराकडून त्याची तसलीच जुनी करवत घेतली.

“एका झटक्यात सुरू होते,” सुतार म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. दोरी ओढली की सुरू. दहा मिनिटं झकास चालायची, मग धापा टाकायला लागायची आणि गप्प व्हायची.

फांदीवाले मागच्या अंगणात फळीवर करवत ठेवून बसले. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहिलं, झाकण लावलं. प्लग काढून काजळी घासली. चालू! दुसऱ्या दिवशी कामावर नेली, दहा मिनिटांत बंद. मग हवेचा फिल्टर धुतला. चालू, आणि पुन्हा बंद. सायलेन्सरची जाळी खरवडली, पेट्रोलची नळी बदलली, कार्बुरेटर खोलून आतला पातळ पडदा नवा घातला. दर वेळी करवत शहाण्यासारखी चालायची आणि त्यांना वाटायचं, सापडलं दुखणं. दुखणं मात्र जागच्या जागी.

“सुतारानं गळ्यात मारली माझ्या,” चौथ्या दिवशी ते चिडून म्हणाले आणि सवयीनं टाकीचं झाकण फिरवलं.

त्यांची बायको खिडकीशी शिलाई करत बसली होती. “अहो, ते झाकण उघडलं की स्स्स होतं ते कशानं?”

ते वळलेसुद्धा नाहीत. ती उठून बाहेर आली, समोर उभी राहिली आणि तेच पुन्हा विचारलं.

“कसलं स्स्स?”

“आत्ता झालं की! रोज होतं. काहीतरी हवा आत ओढून घेतल्यासारखं.”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत बाहेरची हवा शिरावी लागते. त्यासाठी एक बारीक वाट असते. ती बुजली की टाकी पेट्रोल सोडत नाही, इंजिन उपाशी मरतं. आणि ते तर प्रत्येक दुरुस्तीआधी पेट्रोल बघायला झाकण उघडत होते! हवा आत जायची, करवत चालायची, आणि श्रेय कधी प्लगला, कधी फिल्टरला.

खात्री करायला त्यांनी करवत चालवली. दहा मिनिटांनी ती बंद पडल्यावर कान टाकीशी नेला आणि झाकण हळूच सैल केलं.

“झालं बघा! चांगलं मोठ्यानं झालं,” बायको म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं विचारलं, “ऐकू नाही आलं?”

ते बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. “नाही.”

“कधीपासून?”

“असतील दोनेक वर्षं.” मग खाली बघत म्हणाले, “मागच्या महिन्यात बागेतल्या माळ्याच्या खांद्याला फांदी घासून गेली ना? तो ओरडला होता. मी म्हटलं, करवतीच्या आवाजात ऐकू आलं नाही. तेव्हा पेट्रोलची करवत बंद होती. मी हातकरवत चालवत होतो.”

ती पायरीवर बसली. “टीव्ही एवढा मोठा लावता म्हणून मी भांडत होते. वाटायचं, माझं बोलणं ऐकायचं नाही म्हणून लावता.”

“तेही होतंच थोडंफार,” ते म्हणाले. तिला हसू आलं, पण लगेच ती म्हणाली, “उद्या कानाच्या डॉक्टरकडे. आणि तिथून माळ्याकडे. मी येते बरोबर.”

हवेच्या वाटेत तेल आणि भुसा मिळून घट्ट बोळा झाला होता. तो काढून त्यांनी तिथला छोटा भाग नवा बसवला. सुतार एका वेळी दोन-चार फळ्याच कापायचा, त्याला बिचाऱ्याला हे कळायचं कारणच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, गेलेले बारीक आवाज परत येणार नाहीत, कानात घालायच्या यंत्रानं बोलणं तेवढं नीट कळेल. माळ्यानं सगळं ऐकून घेतलं. “खांदा बरा झाला,” तो म्हणाला. “पण मी चारचौघांत तुम्हाला बेफिकीर म्हणत फिरलो. आता खरं काय ते सांगेन. त्यानं तुमची कामं वाढतील की जातील, मला माहीत नाही.”

दोन गिऱ्हाइकं गेलीच. फांदीवाले आता एकटे झाडावर चढत नाहीत. बायको आठवड्यातून तीन दिवस शिलाई बंद ठेवून खाली उभी राहते. त्यांच्या कंबरपट्ट्याला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात असतं. ओढली की थांबायचं.

पहिल्याच दिवशी तिनं ती ओढली. त्यांनी ताबडतोब करवत बंद करून खाली पाहिलं. घरमालकीण वाळत घातलेले कपडे काढायला नेमकी फांदीखाली आली होती. चादरी, उशांचे अभ्रे, एकेक चिमटा काढून ती सावकाश घडी घालत होती. फांदीवाले वर खोडाला टेकून तिचं आटपायची वाट बघत बसले.