चालू होता होता बंद पडतो

दुरुस्तीच्या दुकानात भंगार साचतं तसे किस्सेही साचतात. भंगार निदान वजनावर विकता येतं. किश्शांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते असे चहाबरोबर फुकट वाटायचे. चिंचपोकळी स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत मी आणि माझा मित्र नंदू, आम्ही दोघं घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "चालू होता होता बंद पडतो हो." आणि आम्ही काही विचारायच्या आत पुढचं वाक्य, "आम्ही काहीच केलेलं नाही."

हे ऐकलं की नंदू स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकतो आणि मला हळूच म्हणतो, "चल, काय केलंय ते बघून येऊ."

*

दादरचे साठेकाका बँकेतून रिटायर झालेले, शिस्तीचे. रात्री साडेनऊला घरातलं भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद! कॉम्प्युटर नेमका त्याच सुमारास अपडेट घ्यायला बसायचा. स्क्रीनवर 'कृपया बंद करू नका' अशी विनंती झळकत असायची आणि काका शांतपणे बटण बंद करायचे. बरेच दिवस त्याने सहन केलं, मग एके सकाळी सुरू व्हायलाच नकार दिला.

मी सगळं पूर्ववत केलं आणि म्हटलं, "काका, त्याला एकदा रात्रभर चालू राहू द्या."

"रात्रभर?" काकांनी चष्मा काढला. "या घरात माझ्या मुलालासुद्धा ती सवलत मिळाली नव्हती."

मुलगा सोफ्यावरच बसला होता, पन्नाशीचा. त्याने निमूटपणे मान हलवली.

*

दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे आमचा सीझन. परळच्या एका घरात कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि दोन श्वास घेऊन बंद पडायचा. वर झेंडूची माळ, पुढे हळदकुंकू, आणि बटणाच्या फटीत ओल्या कुंकवाने घट्ट बसलेल्या अक्षता. बटण आत दाबलं गेलेलं, ते बाहेरच येईना. मग कॉम्प्युटरला वाटणारच, की आपल्याला कोणीतरी बंद करतंय.

मी टाचणीने एकेक दाणा काढून दाखवला. मालकांनी ते दाणे तळहातावर घेऊन निरखले.

"कमाल आहे," ते म्हणाले, "पूजा तर यंदाच नीट झाली. मागच्या वर्षी घाईघाईत उरकली होती, तर वर्षभर काही त्रास नाही."

*

फोनवरची चौकशी नंदूकडे असते. एका बाईंचा फोन आला, नेहमीचीच तक्रार.

"आत्ता स्क्रीनवर काय दिसतंय?" नंदूने विचारलं.

"मी."

स्क्रीन काळी ठिक्कर पडली होती, त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. नंदूने तरीही धीर सोडला नाही. "आणखी काही दिसतंय का?"

"मागे आमचे हे. पण ते काही बोलणार नाहीत."

*

लालबागला एका चाळीत मसाला कांडपाच्या वरच्या मजल्यावर एक खोली. खाली दिवसभर मिरच्या कुटल्या जातात, वर कॉम्प्युटर तापून बंद पडतो. कॅबिनेट उघडलं तर आतला पंखा तिखटाने लालभडक, जागचा हलत नव्हता. नंदू जन्माने लालबागचा, त्याला तरी कळायला हवं होतं. त्याने ब्लोअर लावला.

पुढचा काही वेळ पूर्ण मजला शिंकत होता. शेजारच्या खोलीतून कोणीतरी आमच्या खानदानाची आठवण काढली. घरातली मंडळी डोळे पुसत गॅलरीत पळाली. आत फक्त आजी राहिली. तिने कॅबिनेटपाशी नाक नेलं, दोनदा हुंगलं आणि निकाल दिला.

"ह्यो आमचो मसालो नाय. हेच्यात धणे जास्ती आसत."

*

आता ठाकूरद्वारचा किस्सा. हा मी नंदूलाही चेष्टेच्या सुरात सांगत नाही.

अप्पा करंदीकर, विमा कंपनीतून निवृत्त. पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगी मुग्धा, दोघंच. मुग्धाला बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी मिळायची संधी होती. त्यासाठी एक ऑनलाइन परीक्षा, कॉम्प्युटरवरच द्यायची, तीही एकदाच. पास झाली की ती तिकडे जाणार. आणि आदल्या दिवशी कॉम्प्युटर चालू होता होता बंद पडायला लागला.

मी उघडून पाहिलं. रॅम म्हणजे मेमरीची एक छोटी पट्टी असते, ती एका बाजूने खाचेतून वर आली होती. तिला धरून ठेवणारी खिट्टी उघडी होती. ही खिट्टी धुळीने उघडत नाही, उंदरानेही उघडत नाही, बोटानेच उघडावी लागते. मागच्या खेपेला मी हीच पट्टी काढून खोडरबराने साफ केली होती. तेव्हा अप्पा शेजारी उभे राहून विचारत होते, "म्हणजे ही नीट बसली नाही, तर काहीच चालणार नाही?"

"काय झालं होतं, दादा?" मुग्धाने विचारलं.

अप्पा खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत होते. तुळशीला एवढं पाणी कोणी घालत नाही.

"धूळ," मी म्हटलं.

परीक्षेच्या सकाळी तिने मला खबरदारी म्हणून बोलावून घेतलं. पट्टी पुन्हा वर आली होती. मी ती दाबून बसवली, कॅबिनेटचे सगळे स्क्रू आवळले आणि अप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, वाईटच वाटलं.

मुग्धा आतल्या खोलीत दार लोटून बसली. बाहेर मी आणि अप्पा. मग डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. वाडीतली लाइट गेली होती. आत कॉम्प्युटर आणि इंटरनेट तगवून धरणारा यूपीएस बीप बीप करायला लागला. त्याची बॅटरी जुनी, चार-पाच मिनिटांची पाहुणी.

"अप्पा, लाइट गेली!" आतून मुग्धाचा रडवेला आवाज आला.

मी उठायच्या आत अप्पा उठले होते. त्यांनी कपाटावरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, बोर्ड माझ्या हातात दिला, "तुम्ही आत लावा" म्हणाले आणि वायरचं दुसरं टोक घेऊन गॅलरीतून शेजारच्या देसाईंकडे धावले. देसाईंकडे इन्व्हर्टर आहे. मी यूपीएसची पिन बोर्डात घातली. बीप थांबला, पुन्हा सुरू झाला, मग थांबला तो थांबलाच; कॉम्प्युटर चालू राहिला.

परीक्षा संपेपर्यंत लाइट आली नाही. मुग्धा बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, पेपर चांगला गेला होता.

"अप्पा कुठे आहेत?"

वायरीच्या मागोमाग आम्ही देसाईंकडे गेलो. अप्पा भिंतीशी वाकून उभे होते. एका हाताने पिन सॉकेटमध्ये दाबून धरलेली, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. देसाईवहिनींनी खुर्ची आणून ठेवली होती, पण सॉकेट इन्व्हर्टरच्या मागे, बसून त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.

"अप्पा, हे काय?" मुग्धाने विचारलं.

"सॉकेट ढिलं आहे गं, हात जरा हलला की जातं," अप्पा म्हणाले. "तुझं सगळं लिहून झालं ना? नसेल झालं तर अजून धरतो."