पोच आणल्याशिवाय गुण नाहीत

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांइतका भांडखोर माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल, आणि इतक्या हळू आवाजात भांडणारा तर कुठेच नसेल. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, फक्त समोरच्याला नियम विचारायचा. केडगावहून रोज एसटीनं कॉलेजला येताना गाडी एखाद्या थांब्यावर थांबली नाही, की सर शांतपणे कंडक्टरकडे तक्रार पुस्तक मागत. पुढे पुढे तर सर गाडीत दिसले, की ड्रायव्हर रिकाम्या थांब्यावरही गाडी उभी करायचा आणि मागे वळून विचारायचा, "उतरायचं हाय का सर?" सर म्हणत, "मला नाही. पण थांबा आहे ना?" आणि मग सगळी गाडी सरांकडे रागानं बघत बसायची.

लग्नातही त्यांना चैन नसे. आमच्याकडे पुढाऱ्यांचे सत्कार आटोपल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. अशाच एका लग्नात पाचवा फेटा बांधून होईपर्यंत मुहूर्त केव्हाच टळला होता. सरांनी निवेदकाला चिठ्ठी पाठवली. बिचाऱ्यानं ती शुभेच्छांची समजून माईकवरून खणखणीत वाचली, "मुहूर्त कोणाच्या आदेशाने पुढे ढकलला, ते लेखी कळवावे." लग्न पुढच्या दोन मिनिटांत लागलं. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी सरांना पत्रिका द्यायची की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता.

मी त्यांचाच विद्यार्थी. अंतर्गत गुणांसाठी बाकीचे प्राध्यापक जाडजूड प्रकल्प मागत आणि आम्ही ते एकमेकांच्या वह्यांतून उतरवून काढत. सर एकच कागद मागत. गावात आपल्याला छळणारी एक गोष्ट शोधायची, ते काम कोणत्या कार्यालयाचं आहे ते हुडकायचं, दोन प्रतींत अर्ज लिहायचा, स्वतः जाऊन द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन यायचं. ही पोच आणली की पूर्ण गुण. काम झालं का, हे ते विचारतसुद्धा नसत. "घटना तोंडपाठ आहे आणि ग्रामपंचायतीत हात जोडून उभा राहतो, असा पदवीधर मला नको," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी पोच आणली, पण मामाकरवी. मामाची ग्रामपंचायतीत रोजची उठबस होती. सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "टेबलावर किती जण होते?" मी तिथे गेलोच नव्हतो, सांगणार काय? सरांनी शून्य दिलं. शिक्का खरा, सही खरी, तरी शून्य, याचा राग मी कित्येक वर्षं मनात धरून होतो.

आता मी त्याच कॉलेजात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. दर जूनमध्ये पालक येतात आणि विचारतात, "राज्यशास्त्र घेऊन पोरगी करनार काय?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. हेच लोक एका दाखल्यासाठी चार खेटे घालतात, सही कोणी करायची हे त्यांना माहीत नसतं, आणि साहेब जेवायला गेलेत म्हटलं की मुकाट झाडाखाली जाऊन बसतात. पोरगी काय करणार? निदान झाडाखाली बसणार नाही. पण हे त्यांना तोंडावर सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

यंदा संस्थेनं ठरवलं, की तिसऱ्या वर्षाचं राज्यशास्त्र बंद करायचं. मुलं कमी, नोकऱ्या नाहीत, आणि सरही याच वर्षी निवृत्त होताहेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विषय बदलून घ्यावा. मला तोंडी ताकीद मिळाली, या बाबतीतला एकही अर्ज आवकला घ्यायचा नाही. आणि पहिला अर्ज घेऊन आले ते सर.

"सर, वरून सांगितलंय. घेता येत नाही," मी म्हणालो.

जन्मभर भांडलेला हा माणूस माझ्याशी भांडला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मला त्यांचाच राग आला. कंडक्टरशी भांडता, पुढाऱ्यांशी भांडता, मग माझ्याशी भांडायला काय झालं होतं?

अर्ध्या तासानं दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. पाथर्डीकडची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ही चुलतीकडे राहून शिकते. गावातल्या मुलींसाठी सकाळची गाडी हवी म्हणून तिनं एसटीच्या आगारातून आणलेली पोच मी सरांच्या टेबलावर पाहिली होती.

"भाऊसाहेब, अर्ज हाय. आमाला राज्यशास्त्रच पायजे. पोच द्या."

"घ्यायचा नाही असं सांगितलंय."

"कोनी?"

"वरून."

"वरून म्हंजी कोन? घेत न्हाई तर घेत न्हाई असं लिहून द्या. नियम लिवा, खाली तुमचं नाव लिवा."

आवाज चढलेला नव्हता. मी खरंच पेन उचललं. नियम कोणता लिहायचा, ते सुचेना. समोर ती ताठ उभी, आणि मी सरकारमान्य पदवीधर खुर्चीत घाम पुसत बसलेलो. मला माझीच भयंकर लाज वाटली. मी शिक्का उचलला आणि तिच्या दोन्ही प्रतींवर हाणला. मग बाहेर जाऊन सरांकडून त्यांचा अर्ज मागून आणला, त्यावरही शिक्का मारला, सही केली, तारीख घातली आणि पोच त्यांच्या हातात नेऊन दिली.

सरांनी चष्मा लावला. आवक क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, सही पाहिली.

"टेबलावर किती जण होते?" त्यांनी विचारलं.

"मी एकटाच होतो, सर."

सरांनी मान डोलावली, कागद पिशवीत नीट ठेवला आणि एसटी गाठायला निघाले. विषय राहणार की जाणार, ते अजून ठरलेलं नाही. मला मेमो मात्र मिळालाय, आणि तो देणाऱ्याकडून मी सही-तारीख घेतलीय. पुढच्या जूनला सर नसतील. माझ्या टेबलासमोर उभं राहून हळू आवाजात नियम विचारणारं कोणी येईल ना, याची मला आतापासूनच काळजी लागून राहिली आहे.