हुरडा भाजीत मोडतो का?

डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "तीन महिने देतो, बाई. साडेसातच्या खाली आणा, नाहीतर इन्सुलिन सुरू करू." दिवाळी होऊन आठवडाच झाला होता. कागदावर माझी तीन महिन्यांची साखर होती, नऊ पूर्णांक आठ. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना दशांश अपूर्णांक शिकवते आहे, पण हा अपूर्णांक मला दोनदा वाचावा लागला.

सुईला मी भीत नव्हते. आईला रोज सकाळी सुई मीच द्यायचे. आईला आधी गोळ्या सुरू झाल्या, मग इन्सुलिन झालं आणि मग डोळे गेले. शेवटची चार वर्षं ती मला आवाजावरून ओळखायची. इन्सुलिननं डोळे जात नाहीत, उलट वाचतात, आईच्या बाबतीत उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी मला दहा वेळा समजावलंय. पटतंही. पण घाबरलेल्या माणसाला पटून काय उपयोग? माझ्या डोक्यात तो क्रम पक्का बसला होता आणि मला त्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नव्हता.

त्यात मेख अशी की पथ्य मला नवं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत मी ते सुरू केलं होतं आणि मे महिन्यात बुडवलं होतं. आता पुन्हा सुरू करायचं म्हणजे ज्यांच्यासोबत केलं होतं त्यांना तोंड दाखवायला हवं, आणि खरी अडचण तीच होती.

आम्ही चौघं, चौघांनाही साखर, पहाटे बारामतीच्या कालव्याच्या कडेनं चालायचो. एक सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आवाज अजूनही वॉर्डातलाच. दुसऱ्या चाची, त्यांची बेकरी आहे. दिवसभर हात मैद्यात आणि तोंडात काकडी, अशी त्यांची परीक्षा. तिसरे तात्या, सांगवीचे ऊस बागायतदार. कारखान्याचे सभासद म्हणून त्यांना सवलतीची साखर मिळते. घरात पोतं उभं आणि तात्यांच्या कपात बिनसाखरेचा चहा! पाहुणे विचारायचे, "तात्या, कारखान्याशी भांडण झालं का काय?"

डॉक्टरांना विचारूनच आम्ही नियम ठरवले होते. भाकरी, चपाती, भात, साखर, गूळ बंद. पालेभाज्या, अंडी, पनीर, मटण, ताक, मूठभर शेंगदाणे चालू. जेवणाआधी ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा. ग्रुपला नाव दिलं होतं 'नुसतं गोड बोला'. तात्यांचं सगळ्यात अवघड होतं, कारण सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि चतुर्थी वगळून जे दिवस उरतील तेवढ्याच दिवशी त्यांना अंडं चालायचं. ते म्हणायचे, "कोंबडीला म्हाईत हाय माझं क्यालेंडर."

मी मात्र लबाडी शिकले. फोटोत मेथीची भाजी आणि दोन उकडलेली अंडी. फोटो गेला की मागून भाकरी यायची. नवरा एकदा म्हणाला, "तुझं पथ्य फोटोपुरतं आहे, जेवण वेगळंच आहे." मी त्याच्यावरच उखडले. मी चुकले की आधी समोरच्यावर चिडते, ही माझी जुनी खोड आहे.

मग बुद्ध पौर्णिमा आली. आमच्या वसाहतीत विहारापुढं मोठ्या पातेल्यात खीर शिजते आणि गोडी चाखायचं काम कैक वर्षं माझ्याकडं आहे. एक वाटी चाखली. दुसरी वेलदोड्यासाठी. तिसऱ्या वाटीला काही निमित्त नव्हतं. त्या दिवशी मी ग्रुपवर काकडीचा फोटो टाकला होता. आणि वाटीतून मान वर केली तर समोर चाची! मीच त्यांना खिरीचं आवतण दिलं होतं, ते खिरीच्या नादात साफ विसरले होते. त्या हसल्या, खीर न घेता सगळ्यांशी बोलल्या आणि गेल्या. मी घरी आले आणि ग्रुप सोडला. पहाटेचं चालणंही सोडलं. कालव्याच्या रस्त्यानं जावं लागू नये म्हणून एसटी स्टँडला लांबच्या वाटेनं जायला लागले. सहा महिने मी असं तोंड चुकवलं.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा कालव्यावर गेले. ती तिघं पुढं चालली होती. मी पन्नास पावलं मागं राहिले. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पुढची मंडळी मुद्दाम हळू चालतायत. तात्या मागं न बघताच मोठ्यानं म्हणाले, "बाई, मागनं चालून साखर उतरत न्हाय. फुडं या."

मी पुढं गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो खोटे होते, भाकरी खात होते, खीर खाल्ली.

"तीन वाट्या," चाची म्हणाल्या. "मी मोजल्या व्हत्या."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर चौथी घरी जाऊन खाल्ली असती तुमी."

सिस्टरांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, आकडा वाचला आणि तिथल्या तिथं नवा नियम काढला. "आजपासून नटवलेलं ताट नको. चुकलं तर चुकल्याचा फोटो टाकायचा. मी ओरडणार, पण टाकायचा." मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी शाळेत एकाही पोरावर चिडले नाही. पोरांना वाटलं, बाई आजारी आहेत.

दुसऱ्या खेपेचं पथ्य सोपं होतं असं नाही. भाकरीशिवाय रस्सा ही गोष्ट तर मला अजूनही अन्याय वाटते. वाटीत मटणाचा झणझणीत रस्सा, वर तर्री, आणि कुस्करायला काहीच नाही! पहिल्या आठवड्यात हात आपोआप ताटाच्या उजवीकडं जाऊन रिकामा परत यायचा. चाचींनी उपाय सांगितला, उकडलेला फ्लॉवर कुस्करा. कुस्करला. रश्श्याचा अपमान झाला, पण पोट भरलं.

चहाचं संकट त्याहून मोठं. माझी शाळा इंदापूर तालुक्यात आहे आणि त्या डिसेंबरात मतदारयाद्यांचं काम आमच्या गळ्यात होतं. घरोघर जायचं, नावं तपासायची. दारात बाई आल्या म्हटल्यावर चहा नको म्हणायची सोय नाही, आणि आमच्याकडचा चहा म्हणजे पाकच. मी ग्रुपवर विचारलं, काय करू? तात्यांचा निरोप आला, "उपास हाय म्हना." मी आणि उपास! आमच्या घराण्यात कुणी केला नाही, आणि उपासालाही चहा चालतोच की. चाचींनी लिहिलं, "खरं सांगा. डागदरनं बंद केलंय म्हना. लाजता कशापायी?"

खरी गोष्ट, मी लाजतच होते. गावात कळलं की बाईंना साखर आहे, की पोरांच्या आयांपासून सरपंचांपर्यंत सगळे औषध सांगायला येणार. तरी पहिल्या घरी मी सांगून टाकलं. घरातली म्हातारी माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "तुमाला बी व्हय? मला बी हाय की, बाई. सून म्हणती, कुणाला सांगू नगा." तिनं मला ताक दिलं आणि स्वतःलाही घेतलं. संध्याकाळपर्यंत मला सात घरांत ताक मिळालं आणि कारल्याच्या रसाच्या चार पाककृती. यादीत नावं किती कमी-जास्त झाली ते मला आठवत नाही, पण या गावात साखर कुणाकुणाला आहे ते मी आजही झोपेत सांगेन.

जानेवारी उजाडला. घरी साखर मोजायच्या मशीनवरचे आकडे उतरत होते. सकाळी उपाशीपोटी दोनशेच्या पुढं असायची ती दीडशेच्या आत आली. अशात तात्यांनी आम्हाला हुरड्याला बोलावलं. सगळीकडं ऊस, पण एका कोपऱ्यात ते दरवर्षी दहा-बारा सऱ्या ज्वारी फक्त हुरड्यासाठी लावतात. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कणसं निखाऱ्यावर, वास पार बांधापर्यंत. आणि तिथं आमच्यात वाद सुरू झाला, हुरडा चालतो का?

तात्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. "दाना वाळला की ज्वारी. त्ये धान्य, त्ये बंद. ह्यो हिरवा हाय. हिरवं त्ये भाजीत."

"मग हिरवा मटार?" मी विचारलं. शिक्षिकेनं एवढं तरी विचारायला हवंच.

"मटार काय आगटीत भाजत्यात?" तात्या म्हणाले. याचा त्याच्याशी काय संबंध ते मला आजवर कळलेलं नाही, पण त्या वेळी मुद्दा बिनतोड वाटला. आम्ही सगळे सिस्टरांकडं बघायला लागलो. सिस्टरांनी एक दाणा दातानं दाबला, डोळे मिटले, आणि निकाल दिला, "कोवळा हाय. दुधाळ हाय. भाजीत धरा."

मग काय विचारता! तात्या कणसं हातावर चोळून ताटात ओतत होते आणि आम्ही लसणाच्या चटणीबरोबर बकाणे भरत होतो. गुळाचा खडा समोर होता, गोडीशेव होती, त्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! चाची म्हणाल्या, "बघा, मन घट्ट केलं की समदं जमतं." असं म्हणून त्यांनी चौथं ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस नाही, काही नाही, पण कालव्यावर कुणीच आलं नाही असं मला नंतर कळलं. मीही गेले नव्हते, पोट जड होतं. मशीनवर बोट टोचलं आणि आकडा आला दोनशे चौसष्ट. मी पुन्हा टोचलं. दोनशे एकाहत्तर.

स्वयंपाकघरात नवरा कांदेपोहे करत होता. मला वाटलं, संपलं. तीन आठवड्यांवर तपासणी आणि मी माती केली. आता पोहे खाल्ले काय आणि न खाल्ले काय. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, मी तर तो स्वतःच खोल घालायला निघाले होते. फोन हातात घेतला, ग्रुप उघडला. सोडायला एकच बोट लागतं, ते मला माहीत होतं. मे महिन्यात मी तेच केलं होतं आणि तिथून नऊ पूर्णांक आठपर्यंत पोचले होते. मग मी मशीनचाच फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही.

मग चाचींचा फोटो आला, दोनशे अडतीस. मग तात्यांचा, तो त्यांच्या सुनेनं काढलेला, दोनशे नव्वद. आणि सगळ्यात शेवटी सिस्टरांचा. तीनशे बारा. खाली एकच ओळ, "हुरडा धान्य आहे. चूक माझी."

मी इतकी हसले की नवरा झारा हातात घेऊन बाहेर आला. तेवढ्यात तात्यांचा आवाजातला निरोप वाजला, "आज सांजच्याला कालव्यावर या. दोन फेऱ्या जास्ती. समद्यांनी. मी बी येतोय." मी पोह्यांकडं पाठ करून दोन अंडी फोडली.

त्या तीन आठवड्यांत मी एकही घास लपवून खाल्ला नाही. संक्रांतीचा तिळगूळ आला तो तळहातावर घेऊन, गोड बोलून, दुसऱ्याच्या हातावर ठेवला. चाची बेकरीतून निघताना फोन करायच्या आणि मी काय खाल्लं ते विचारायच्या. मी नीट सांगितलं नाही तर पुन्हा विचारायच्या. इतकं मला शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनीही कधी विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी नवा कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "सात पूर्णांक दोन. इन्सुलिन सध्या नको. जे करताय तेच करत राहा." मी उठून बाहेर आले तर बाकावर तिघं बसलेली. मी कुणालाही या म्हटलं नव्हतं. चाची बेकरी नवऱ्यावर टाकून आल्या होत्या, तात्यांच्या हातात दुधाची रिकामी किटली होती. सिस्टरांनी कागद हिसकावला आणि आकडा असा मोठ्यानं वाचला की आत नंबर लावून बसलेल्या लोकांनीही ऐकला. तात्या म्हणाले, "जितलं!" आणि मला रडू फुटलं.

सिस्टर म्हणाल्या, "रडू द्या, आनंदाचं हाय." होतंच आनंदाचं. पण सगळं नव्हतं, आणि ते मी त्यांना तिथंच, त्या बाकावर बसून सांगितलं. आमच्या घरी आम्ही सहा माणसं एका पंगतीत जेवायला बसायचो. आई सगळ्यांना वाढायची आणि मग तिची पथ्याची कोरडी ताटली घेऊन चुलीजवळ जाऊन बसायची. तिला सुई मी रोज वेळेवर द्यायचे, एक दिवस चुकवला नाही. पण तिच्या ताटलीतलं, तिच्याजवळ बसून, घरातलं एक माणूस कधी जेवलं नाही. मीसुद्धा नाही.