माहेरच्या नावाची ठेव

माझ्या मुलीनं पहिलं क्रेडिट कार्ड निवडायला तीन आठवडे घेतले. मी नवरा निवडायला अर्धा तास घेतला होता आणि त्यातलाही निम्मा वेळ पोहे खाण्यात गेला. त्यामुळे सुरुवातीला मला तिच्या ह्या उद्योगाचं हसूच येत होतं. नेरूळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी, कमाई म्हणाल तर सोसायटीतल्या दोन मुलांच्या शिकवणीची, आणि ही बाई जेवणाच्या टेबलावर चार बँकांच्या अटींचे कागद पसरून, हातात पिवळा हायलायटर घेऊन बसलेली. मला ताटं ठेवायला जागा नाही.

"एवढं टेन्शन कशाला घेतेस?" तिचे बाबा म्हणाले. "माझ्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे जोडकार्ड, काढून देतो तुला. आईला दिलंय तसं."

"बाबा, आईचं कार्ड आईचं नाहीच आहे. ते तुमचं आहे. आईनं कितीही वेळेवर पैसे भरले तरी बँकेत नाव तुमचंच चांगलं होतं. आईला बँक ओळखतसुद्धा नाही."

मला ते झोंबलं. मी पोळीचा डबा जरा आपटूनच ठेवला. पण ती भांडायला बसली नव्हती, ती समजावून सांगत होती. पगार नसलेल्या विद्यार्थ्याला कार्ड हवं असेल तर स्वतःच्या नावावर एफडी लागते. बँक ती अडकवून ठेवते आणि तिच्यापेक्षा थोडी कमी रक्कम खर्च करायची मुभा देते. आत्तापासून वेळेवर पैसे भरत गेलं की पुढे शिक्षणाच्या कर्जासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सिनेमाच्या तिकिटांची लालूच दाखवणारी दोन कार्डं तिनं बाजूला सारली होती, कारण दुसऱ्या वर्षापासून त्यांची फी सुरू होत होती. मग तिनं थकलेल्या बिलावरचं महिन्याचं व्याज वर्षावर नेऊन बाबांना दाखवलं. पंधरा वर्षं कार्ड वापरणारा तो माणूस त्या आकड्याकडे बघत राहिला, आणि जेवण झाल्यावर गुपचूप आपलं जुनं बिल शोधायला आतल्या खोलीत गेला. मी मात्र थक्क झाले होते. हे सगळं वाचायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं? आमच्या घरात तर दाखवतील तिथे सही करायची पद्धत.

शेवटी एक कार्ड ठरलं. ती लॅपटॉपवर अर्ज भरायला लागली आणि मी ओटा पुसून तिच्या मागे येऊन उभी राहिले. अर्जात एक रकाना होता, आईचं माहेरचं नाव. पुढे कधी फोनवर ओळख पटवायला तो लागतो म्हणे. तिनं न विचारता खटाखट टाइप केलं.

"चुकलंय ते," मी म्हटलं.

"आडनाव बरोबर आहे की. मामाचंच टाकलंय."

"आडनाव बरोबर आहे. पहिलं नाव चुकलंय."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. तिनं माझं आत्ताचं नाव आणि मामाचं आडनाव जोडलं होतं, आणि त्या नावाची बाई जगात कधी जन्मालाच आली नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा फक्त आडनाव बदललं नव्हतं, पहिलं नावही बदललं होतं. ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. मला राग आला होता का? खरं सांगायचं तर नाही. नवीन साड्या, नवीन घर, नवीन नाव, सगळं एकदमच आलं. माहेरी मी थोरली, त्यामुळे तिथे सगळे मला ताईच म्हणतात. म्हणून एकोणीस वर्षांच्या माझ्या मुलीच्या कानावर माझं खरं नाव कधी पडलंच नव्हतं.

मी तिला ते सांगितलं. तिनं ते एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं, चप्पल पायात घालून बघावी तसं.

"छान आहे गं," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

मी उठले आणि कपाटातून साड्यांच्या खालचं पाकीट काढून आणलं. लग्नाआधी दोन वर्षं मी वाशीच्या फळबाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिण्याचं काम करत होते. पगार वडिलांच्या हातात जायचा, पण त्यातलं थोडं थोडं मी मागे ठेवलं होतं. त्याचीच ही एफडीची पावती, आणि बँक नेमकी तीच, जिचं कार्ड मुलीनं ठरवलं होतं. मुदत संपली की ठेव आपली आपण पुढे सरकत होती. सुरुवातीला नाव बदलायला कागद मागतील म्हणून गेले नाही. पुढे कंटाळा केला. आणि त्यानंतर तर मलाच जायचं नव्हतं. घरात ह्यांनाही माहीत नव्हतं.

"ही मोडू," मी म्हटलं. "आणि तुझ्या नावावर कर. तुझ्या बाबांकडे मागायला नको."

तिनं पावतीवरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पावती वाचली. हिच्याकडे अशा थक्क नजरेनं आजवर मीच बघत आले होते. ती माझ्याकडे तसं बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही बँकेच्या वाशीच्या शाखेत गेलो. बरोबर लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. कागद देऊन बाकावर बसलो. काउंटरवरच्या मुलानं कुणालातरी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मी समोरच्या कुंडीतलं झाड खरं आहे की प्लास्टिकचं ते बघत होते.

"आई," मुलीनं माझ्या दंडाला हात लावला. "तुला बोलावतायत."

बावीस वर्षांनी कुणीतरी भर गर्दीत मला त्या नावानं हाक मारत होतं, आणि मी ओ दिली नव्हती.

त्या मुलानं कागद पाहिले. खातं कधीच झोपी गेलंय, पण पैसे जागेवर आहेत, असं तो म्हणाला. "दाखले ठीक आहेत मॅडम. फक्त सही जुनी लागेल. जुळली तर आत्ता होईल, नाही जुळली तर हेड ऑफिसला पाठवावं लागेल. मग किती दिवस लागतील ते मी नाही सांगू शकत." मुलीनं ठरवलेल्या कार्डाची बिनफीची ऑफर महिनाअखेरपर्यंतच होती, आणि महिना संपायला चार दिवस राहिले होते.

मी पेन घेतलं आणि सवयीनं आत्ताच्या नावाची सही केली. त्यानं मान हलवली आणि दुसरा फॉर्म दिला. ह्या वेळी पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. पुढे काय करायचे मी? रेघ वरून ओढायचे की खालून? माझीच सही, आणि मी परीक्षेत उत्तर विसरलेल्या मुलासारखी छताकडे बघत होते. मुलीपुढे इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"थांबा," तो म्हणाला. "नुसती बघा. बघून काढायची नाही." आणि त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली.

खातं उघडताना भरलेल्या, पिवळ्या पडलेल्या सहीच्या कार्डाचा फोटो होता. त्यावर तिरकी, लांबलचक, चौकटीच्या बाहेर गेलेली सही, खाली एक झोकदार रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. कुणाची परवानगी न घेता केलेली सही. इतकी ऐट माझ्यात होती? ही सही करणारी मुलगी कशाला घाबरत होती असं वाटतच नव्हतं. मी ते बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले. बँकेत हे सगळं चाललं होतं, त्याचं मला भानच राहिलं नाही.

त्यानं स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवली आणि तिसरा फॉर्म पुढे सरकवला. "एक सांगतो मॅडम. ही मोडली की ह्या नावाचं खातं बंद होईल. नवीन सगळं आधारवरच्या नावानंच. चालेल ना?"

"आई, राहू दे," मुलगी एकदम म्हणाली. "नको मोडूस. मी शिकवणीचे पैसे साठवीन, पुढच्या वर्षी घेईन कार्ड. काय फरक पडतो?"

तीन आठवडे टेबल अडवून बसलेली पोर म्हणत होती, काय फरक पडतो. मी तिच्याकडे बघितलं. जिनं ते पैसे मागे ठेवले होते, ती हिच्याहून दोनच वर्षांनी मोठी होती. तिनं ते कशासाठी ठेवले होते ते तिलाही ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक होतं.

मी सही केली. चौकटीच्या बाहेर गेली. रेघ ओढली, टिंबं दिली. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. पैसे मुलीच्या खात्यात गेले, तिची एफडी झाली, कार्डाचा अर्जही तिथेच पुढे गेला. माझी पावती त्यानं आडवी रेघ मारून ठेवून घेतली.

बाहेर आल्यावर जिन्याशीच मुलगी थांबली. तिनं बॅगेतून कॉलेजची वही काढली, मागचं कोरं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"एकदा अजून कर ना ती सही," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

मी वही कठड्यावर टेकवली आणि केली. ह्या वेळी हात कुठेच अडला नाही.