यॉर्कमध्ये सुकट कुठे खायची

रविवार होता, गाव यॉर्क, आणि आम्ही तिघं सकाळपासून जेवायला जागा शोधत होतो... मी, माझी सासू आणि माझे धाकटे दीर, बबन भावजी. सत्तर सालानंतरची गोष्ट. माझ्या नातीचा बाप तेव्हा चड्डीत होता.

भावजी तिकडे विलायतेत, ब्रॅडफर्डला कापडाच्या गिरणीत लूमवर, म्हणजे मागावर होते. आम्ही भिवंडीजवळची, नारपोलीची जमीन लूमवाल्याला विकली, हातात पैसे आले आणि सासूने हट्ट धरला, पोराला बघून येते. तिला एकटीला कोण सोडणार... म्हणून सोबत मी. दिघाशी गावची, चौथी नापास, पण विमानात बसले.

भावजींची खोली गिरणीच्या भिंतीला लागून. दिवसभर खटखट. सासू म्हणाली, एवढं लांब येऊन परत लूमच ऐकायचे होते तर घर काय वाईट होतं?

पण खरी पंचाईत तोंडाची झाली. सासू खाडीकाठची, उभा जन्म भिवंडीच्या बाजारात मासळी विकलेली. तिकडे माशाचा नुसता तुकडा मिळायचा. "डोकं न्हाय, कल्ले न्हाय... मेला कवा ते कोनाला इचारू?" असं म्हणून ती ताट सरकवायची.

घरून आम्ही सुकट नेली होती. भाजून, लसूण-मिरची लावून, दुधाच्या पावडरीच्या डब्यात गच्च भरलेली. पहिल्याच दिवशी डबा उघडला आणि वरून घरमालकीण खाली आली, नाकाला रुमाल लावून. परत हा वास आला तर खोली खाली करा, असं भावजींना सांगून गेली. आपल्या माणसाला तिथे खोली मिळणं सोपं नव्हतं. भावजींनी डब्याला तीन फडकी गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिला.

आठ दिवस सासू चहा-पावावर. नवव्या दिवशी तिने बॅग भरली. "मना घरी धाड. उपाशी मराचं तं नारपोलीत मरन."

भावजी रडकुंडीला आले. आईला सहा वर्षांनी बघत होते, तीन महिन्यांसाठी आणली होती... म्हणून ठरलं, डबा बाहेर नेऊन उघडायचा, रविवारी बसने यॉर्कला जायचं. जुनं गाव, तटबंदी, डोंगराएवढं चर्च. लोक ते बघायला जातात. आम्ही सुकट खायला गेलो.

भावजींनी आधी एक हॉटेल दाखवलं. म्हणाले, आज सगळं बंद असतं, हे एक उघडं आहे, निदान बसून तर बघू. सासूने काचेला नाक लावून आत पाहिलं. पांढरी फडकी घातलेल्या टेबलांशी माणसं कुजबुजत जेवत होती. तिने विचारलं, यांच्यात सुतक आहे का... आणि पुढे चालायला लागली.

मग तटावर चढलो. डबा उघडायला आणि वारा यायला एकच गाठ पडली. मूठभर सुकट उडाली ती खालून चाललेल्या एका साहेबाच्या टोपीवर. तो तशीच घेऊन गेला बिचारा.

मग ते चर्च. आत ओळीने बाकडी, थंडगार. भावजी मान वर करून छत बघत राहिले. आपल्याकडे भंडाऱ्याची पंगत देवळाच्या मंडपातच बसते, सासूला वाटलं इथेही तसंच. पुढचं बाकडं धरलं, फडकं पसरलं, भाकऱ्या काढल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू...

काळा झगा घातलेला एक माणूस आला. ओरडला नाही, नुसता दाराकडे हात केला. तोही इतक्या अदबीने की सासूला वाटलं, हात धुवायची जागा दाखवतोय. बाहेर येऊन ती नळ शोधत होती.

शेवटी नदीकाठी आलो. सगळी बाकडी भरलेली, एकावर तेवढी एक म्हातारी, टोपी घालून. भावजी म्हणाले, इथे नको, पोलीस बोलावेल. तोवर सासू बसलीसुद्धा होती.

डबा उघडला. म्हातारीचं नाक वर झालं. भावजी उभे राहिले आणि सॉरी सॉरी करायला लागले. ती बरंच काही बोलली. मी विचारलं, शिव्या देते का?

"न्हाय वहिनी... इचारते, थोडं मिळंल का."

सासूने तेव्हा कुठे तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. बोटांवर सुरीच्या जुन्या खुणा होत्या, बारीक, पांढऱ्या... सासूच्या बोटांवर होत्या तशाच. सासूने तिचा हात सरळ ओढला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला.

"ही मासळीवाली हाय," ती म्हणाली. भावजींनी विचारलं, तर खरंच. तरुणपणी ती बंदरावर मासे साफ करायची.

भाकरीवर चिमूटभर सुकट दिली. ठसका लागला, डोळ्यांना धारा, नाक टोमॅटोसारखं. बाईने नाक पुसलं आणि परत हात पुढे केला.

मग दोघी तासभर बोलल्या. एक मराठीत, एक इंग्रजीत. एकमेकींचं काहीच कळत नव्हतं, म्हणून भांडण झालं नाही.

घरी आल्यावर सासूने बॅग रिकामी केली. पुढच्या रविवारी दोन भाकऱ्या जास्त कर, एवढंच मला सांगितलं. तीन महिने भावजींचा एकही रविवार घरी गेला नाही, पण चेहरा खुललेला असायचा. त्या बाईचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, आम्ही तिला मावशीच म्हणायचो. तिचे उपकार आहेत, दुसरं काय.

आता नात तिकडे शिकायला आहे. परवा यॉर्कला फिरायला गेली आणि दोन तास फोनवर हॉटेलांचे तारे मोजत बसली... मला विचारते, आजी, जेवायला चांगली जागा कशी ओळखायची?

मी सांगितलं, डबा उघड. वास आल्यावर शेजारचं माणूस उठून गेलं नाही, तर जागा चांगली.