देवळापुढची सायकल

लढाईवरून परतलेल्या थोरल्या भावाच्या पाठीला उभ्या सायकलीचे धक्के सोसत नसत. त्याने लोहाराकडून मागे रेलून चालवायची बुटकी सायकल करून घेतली. तिच्यावर पाय पुढे पसरावे लागत. आष्ट्याच्या बाजाराला जाताना मारुतीच्या देवळापुढे एक म्हातारा ओरडला, "पलटणीतनं आलास म्हणून देवाला तळवं दावतोस व्हय रं?"

भाऊ हसला. लाज मला वाटली. त्यानंतर देवळाच्या अलीकडे मी त्याला माझी उभी सायकल घ्यायला लावी आणि त्याची ढकलत नेई. तेवढ्या वाटेतही तो दात आवळून बसे.

एकदा देवळापलीकडे उतरल्यावर त्याला कंबर सरळ करता येईना.

"दादा, बस की तुज्या गाडीवर," मी म्हणालो.

"थांब रं. अजून माणसं हायती. तुला लाज वाटंल."